कपात करायची तर करा, पण तोंडावर सांगून करा: वित्त विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. साहेब आणि मॅडम,
वित्त विभाग, नियोजन विभाग आणि फाईलवर 'तूर्त थांबावे' लिहिणारे बाकी सगळे,
मंत्रालय, मुंबई

नमस्कार.

मी पुण्यात धनकवडीला राहतो, नोकरी करतो, गाव जिल्ह्याच्या पश्चिमेला डोंगरात, धरणाच्या मागच्या अंगाला. भोर, वेल्हे (आता राजगड म्हणायचं), मुळशी, मावळ, यातलं कुठलंही धरा, गोष्ट तीच आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की काय होतं ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही, तुमच्याकडून कुणीतरी झेडपीला विचारणार, झेडपी बीडीओला, बीडीओ ग्रामसेवकाला, आणि तो बिचारा (त्यालाही आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, टेबल तेच, गावं तीनच) खुलासा लिहीत बसणार. त्याची काही चूक नाहीये यात. डेपोवाल्यांची नाही, शाळेतल्या सरांची नाही. म्हणून पत्र थेट तुम्हाला.

तक्रार पैसे कमी दिले ही आहेच, पण ती नंतर. पहिली तक्रार अशी की तुम्ही कपात करता आणि कपात केली असं कधी म्हणतच नाही.

मार्चमध्ये विधानसभेत भाषण होतं, शेरोशायरी होते, प्रत्येक योजनेपुढं आकडा असतो, टीव्हीवर दिवसभर पट्ट्या फिरतात. मग एप्रिलपासून गावात कुठल्याही टेबलावर जा, एकच उत्तर, 'वरून निधी आलेला नाही'. तालुक्याला गेलं तरी तेच, पुण्यात झेडपीत चौथ्या मजल्यावर गेलं तरी तेच. बीडीएसवर पैसेच पडले नाहीत म्हणतात. हे बीडीएस काय प्रकरण आहे ते आमच्या गावातल्या शेळ्या राखणाऱ्या म्हातारीला पण माहीत झालंय आता, म्हणजे ऑनलाईन खातं, तुम्ही तिकडून बटण दाबलं तर इकडं पैसे दिसणार. डिसेंबरात पुरवणी मागण्या येतात, नंतर कधीतरी सुधारित अंदाज येतो त्यात तो मार्चचा आकडा हळूच बारीक झालेला असतो, आणि शेवटी 31 मार्चच्या रात्री ट्रेझरीत लाईट चालू ठेवून जेवढी बसतील तेवढी बिलं काढतात. वर्षभरात अमुक सेवा बंद केली असा एक कागद निघत नाही. सेवा मात्र बंद झालेली असते.

आणि तुम्हाला सांगून करता येत नाही असं पण नाही. करोनात 4 मे 2020 ला तुम्हीच जीआर काढला होता, विकासाच्या कामांना मंजूर निधीच्या 33 टक्केच मिळतील, नवी कामं नाहीत, नवी भरती नाही (आरोग्य सोडून). सरळ लिहिलं होतं. लोकांनी ऐकून घेतलं की नाही? कुणी मंत्रालयावर दगड मारले नाहीत. आमच्या आईनं पण आयुष्यभर तसंच घर चालवलं, दुधाचा पगार कमी आला की सांगायची, या महिन्यात तेल कमी आहे, तळणाचं मागू नका. पोरं कुरकुरायची पण ताटात काय येणार ते आधी माहीत असायचं.

आता एसटीचं घ्या.

1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी सुटली ती पुण्याहून नगरला, दरवर्षी तिचं कौतुक होतं, हार घालतात, फोटो निघतात. 'गाव तिथे एसटी' असं ब्रीदच होतं. आमच्या गावाला मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपायचे, कुणाच्या ना कुणाच्या घरून पिठलं-भाकरी जायची, आणि पहाटे सहाला गाडी खाली निघायची. त्या एका गाडीत काय काय असायचं बघा. अकरावी-बारावीच्या पोरी, आयटीआयची पोरं, ससूनला तारीख असलेली म्हातारी माणसं, तहसीलला दाखल्यासाठी निघालेला एखादा, आणि सुगीत इंद्रायणीच्या तांदळाचं पोतं पुण्यातल्या लेकीकडं. 2021 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात संप लागला, तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. संप मिटला. आमची मुक्कामी गाडी काही परत आली नाही. आजपर्यंत नाही. 'गाड्या कमी आहेत' एवढंच कळतं, आणि ते खोटं पण नाही, एकेकाळी एसटीकडं 18 हजारांच्या आसपास गाड्या होत्या त्या 14-15 हजारांवर आल्या, त्यातल्या कितीतरी खिळखिळ्या, मग कमी गाड्या असल्या की आधी कुठली फेरी उडणार? दादरची शिवनेरी नाही उडणार. डोंगरातली उडणार, जिथं परतीला सहा माणसं असतात.

बरं इथपर्यंत पण समजून घेतलं असतं. पण गंमत पुढं आहे. ऑगस्ट 2022 ला तुम्ही 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट केली. मार्च 2023 ला बायकांना अर्धं तिकीट केलं. बारावीपर्यंतच्या मुलींना पास आधीपासूनच मोफत आहे. म्हणजे आमच्या घरात तात्यांना फुकट, काकूला अर्धं आणि पुतणीला पास, सगळे लाभार्थी! आणि गाडी नाही. तात्यांनी ते स्मार्ट कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून, देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय. वडापवाला ते कार्ड बघत नाही, सीटमागं साठ रुपये घेतो, आणि जीप भरल्याशिवाय सोडत नाही. पावसाळ्यात दरड आली की तो पण नाही.

त्या सवलतीचे पैसे एसटीला भरून कुणी द्यायचे? तुम्ही. सवलत जाहीर करताना टाळ्या तुम्हाला मिळतात, फ्लेक्सवर फोटो लागतात, आणि प्रतिपूर्तीची फाईल मात्र तुमच्याच टेबलावर बसते. एप्रिल 2025 ला एसटीच्या कर्मचाऱ्यांच्या हातात मार्चचा पगार 56 टक्केच पडला, पेपरात आलं होतं, कारण काय तर सरकारकडून पूर्ण रक्कम आली नाही. ज्यांना पगार अर्धा मिळतो त्यांनी आमच्या पडवीत येऊन झोपावं ही अपेक्षा कशी करायची. त्याआधी जानेवारी 2025 ला भाडं 14.95 टक्क्यांनी वाढवलं ते वेगळंच.

आता तुम्ही म्हणाल एका गाडीचं एवढं काय. गाडी गेल्यावर पोरगी अकरावीला जायची म्हणजे तालुक्याला रूम करायची, नाहीतर रोज कुणाच्या तरी बाईकवर मागं बसून जायचं. आणि रोज कुणाच्या तरी बाईकवर मागं बसणाऱ्या पोरीबद्दल गावात काय बोललं जातं ते मी इथं लिहीत नाही. वरच्या आळीतल्या दोन पोरी दहावीनंतर घरी बसल्या. एकीला 78 टक्के होते. तिचं लग्न झालं गेल्या वैशाखात. हे तुमच्या कुठल्या रकान्यात येतं? परिवहनमध्ये तर नाही, शिक्षणमध्ये पण नाही, कारण शिक्षणाच्या रकान्यात शाळेची पटसंख्या असते, जी पोरगी आलीच नाही तिचं काही नसतं.

शाळेवरनं आठवलं. माझी वहिनी गावच्या झेडपी शाळेत पोषण आहार शिजवते. मानधन अडीच हजार रुपये महिना, आणि ते पण वेळेवर आलं तर देव पावला. तांदूळ येतो, डाळी येतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मधे आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं होतं, न खाणाऱ्याला केळं. वहिनी सांगते की अंड्याच्या दिवशी कातकरी वाडीवरची पोरं न बोलावता हजर. इतर दिवशी सरांना वाडीवर जाऊन दारोदार हाका माराव्या लागतात, त्या दिवशी नाही. मोठी पोरं सोलायला बसायची, टरफलं गोळा करून शाळेच्या बागेतल्या जास्वंदीला घालायची. पहिलीतला एक गडी अर्धंच खायचा आणि अर्धं चड्डीच्या खिशात, धाकट्या बहिणीसाठी, खिसा कायम पिवळा, वहिनी त्याला ओरडायची आणि मग एक फुटकं अंडं वेगळं कागदात गुंडाळून द्यायची.

जानेवारी 2025 ला तुमच्याकडून आदेश निघाला की अंड्यासाठी आणि साखरेसाठी आता वेगळे पैसे नाहीत, द्यायचं असेल तर शाळेनं लोकसहभागातून करावं. सगळ्या राज्याचा अंड्यांचा खर्च वर्षाला साधारण 50 कोटी होता. पन्नास कोटी हो. मी मघाशी वहिनीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली एवढे? मी म्हटलं वहिनी, शक्तिपीठ महामार्गाचा अंदाज 86 हजार कोटींचा आहे, त्यातल्या जमिनीसाठी वगैरे 20 हजार 787 कोटींना जून 2025 मध्ये मंत्रिमंडळानं एका बैठकीत मंजुरी दिली. तिला त्या आकड्यांचं काही वाटलं नाही, मलाही नाही वाटत खरं तर, एवढ्या मोठ्या रकमा डोक्यात मावतच नाहीत. पन्नास कोटी मावतात. म्हणूनच बहुतेक ते कापायला सोपे जातात.

आणि लोकसहभाग कुणाचा? ज्यांच्याकडं चार पैसे आहेत ते आमच्यासारखे धनकवडी-कात्रज-वारज्यात येऊन बसलेत. गावात उरलेत म्हातारे आणि वाडीवरची माणसं, ज्यांची पोरं ते अंडं खाणार होती. मग सर काय करतात, महिन्यातून एकदा पगार झाला की स्वतःच्या खिशातून ट्रे आणतात, बाईकच्या टाकीवर धरून, घाटातल्या खड्ड्यातनं. शाळेचं लाईटबिल पण त्यांनीच भरलं होतं एकदा. हे कौतुक म्हणून लिहीत नाहीये. नोकरदाराच्या खिशातून सरकारी योजना चालायला लागली तर ती कपातच आहे, फक्त ती तुमच्या ऐवजी त्यांच्या घरात झाली.

ती शाळा तरी किती दिवस राहते बघायची. पट अठरा. 2023 ला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं एकत्रीकरण करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले होते, राज्यभरात अशा जवळपास 15 हजार शाळा निघाल्या, आणि उदाहरण म्हणून आमच्याच जिल्ह्यातली पानशेतची समूह शाळा दाखवली होती. मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. दोन मास्तर आणि चार वर्ग एकाच खोलीत यापेक्षा मोठी शाळा, वाचनालय, खेळायला पोरं, हे चांगलंच आहे. पण पानशेतची इमारत सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी दिलेल्या पैशातून झाली, आणि समूह शाळा म्हटलं की पोरांना आणायला-सोडायला गाडी आली. सात वर्षांचं पोर आठ किलोमीटर चालत येणार नाही. मग माझा साधा प्रश्न, ज्या सरकारकडून गावची मुक्कामी एसटी टिकली नाही ते सरकार शाळेच्या गाडीचं डिझेल दरवर्षी देणार याची खात्री काय? पहिल्या वर्षी फीत कापताना गाडी असेल. चौथ्या वर्षी 'निधी आलेला नाही' म्हटलं की पोरं कुठं जातील, जुनी शाळा तर तोवर अंगणवाडीला नाहीतर शेळ्यांना गेलेली असेल. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या जीआरमध्ये तर सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकच शून्य. शाळा बंद केली असं कुणी म्हणत नाही. मास्तर काढून घेतले की ती आपोआप बंद पडते, आणि कागदावर कारण येतं 'विद्यार्थी नाहीत'.

पाण्याचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर मला राग आवरत नाही. घरापासून चालत वीस मिनिटांवर धरण. त्याचं पाणी कालव्यानं खाली उसाला जातं, पाईपनं पुण्याला येतं, माझ्या धनकवडीच्या नळाला पण असल्याच कुठल्यातरी धरणाचं येतं, आणि गावाला एप्रिल-मे मध्ये टँकर. घरोघरी नळ द्यायच्या जलजीवन योजनेतून माणशी रोज 55 लिटर मिळणार होतं. पाईप आले, चर खणली, प्रत्येक दारात निळ्या पाईपवर तोटी बसवली, तोटीसोबत बाईचा फोटो काढून अपलोड पण झाला. टाकी अर्धी. ठेकेदार म्हणतो बिल मिळालं नाही, मी अजून किती घालू. केंद्रानं 2024-25 ला जलजीवनला 70 हजार 163 कोटी ठेवले होते ते सुधारित अंदाजात 22 हजार 694 कोटी केले. आपल्या राज्यात निम्मे पैसे केंद्राचे, निम्मे तुमचे. तिकडून थांबले की तुम्ही केंद्राकडं बोट दाखवता, केंद्र तुमच्याकडं, ठेकेदार दोघांकडं, आणि तोटीवर पुतणी दप्तर अडकवते.

आरोग्याचं पण असंच. उपकेंद्राचा नियम डोंगरी भागात तीन हजार लोकांना एक, इमारत आहेही, कुलूप कधी उघडं असेल ते नर्सताईंच्या दुसऱ्या दोन उपकेंद्रांवर अवलंबून. आशाताईचे पैसे दोन-दोन तीन-तीन महिने थांबतात आणि तरी ती स्वतःच्या रिचार्जवर तुमच्या ॲपमध्ये माहिती भरते. ती माहिती वेळेत आली नाही तर तिला मात्र लगेच फोन येतो.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. 2025-26 च्या बजेटमध्ये महसुली तूट 45 हजार 891 कोटी दाखवली होती, कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाणार असं तुम्हीच लिहिलं. लाडकी बहीणला 36 हजार कोटी. ते दीड हजार आमच्या काकूला पण येतात आणि मी ते बंद करा असं अजिबात म्हणणार नाही, तिच्या नावावर थेट आलेले हे पहिले पैसे आहेत, तात्यांना विचारल्याशिवाय खर्च करता येणारे. पुण्यात ऑफिसात एसीत बसून 'फुकटच्या वाटण्या' म्हणणारे माझे मित्र आहेत, त्यांना मी तेच सांगतो. पण हिशोब तर करू द्या. काकू महिन्यातून चारदा तालुक्याला जाते, गुडघ्याचं दाखवायला, गोळ्यांना, बँकेत ते पैसे काढायला, जाऊन-येऊन वडापचे एकशेवीस, म्हणजे चारशे ऐंशी इथंच. उन्हाळ्यात पाण्याचा जार. नातीच्या रूमचं भाडं. दीड हजार एका हातानं आले आणि एसटी, नळ, दवाखाना दुसऱ्या हातानं गेले, आणि पहिल्याची जाहिरात झाली, दुसऱ्याची नाही. आनंदाचा शिधा, म्हणजे रेशनवर सणाला स्वस्तात मिळणारी किराण्याची पिशवी, दिवाळी 2022 ला सुरू झाला तेव्हा पिशवीवर फोटो होते, 2025 च्या दिवाळीला पिशवीच आली नाही तेव्हा रेशनच्या दुकानात साधी पाटी पण नव्हती. त्या मानानं एक रुपयाचा पीक विमा बंद केलात ते बरं, म्हणजे बरं नाही, पण निदान जीआर काढला, बोगस अर्ज झाले असं कारण दिलं, आता खरीपाला दोन टक्के भरा म्हणून सांगितलं. भातवाला शेतकरी चिडला पण त्याला कळलं तरी की भरायचा का नाही ते त्यानं ठरवायचंय.

आमच्याकडं विचारायला माणूस पण नव्हता हेही लक्षात घ्या. मार्च 2022 ला पुणे झेडपीची मुदत संपली, त्यानंतर कितीतरी वर्षं प्रशासक. निवडून आलेली बॉडी नाही म्हणून पंधराव्या वित्त आयोगाचा झेडपीचा आणि पंचायत समितीचा दहा-दहा टक्के वाटा अडकला. म्हणजे निवडणूक तुम्ही लोकांनी घ्यायची नाही आणि निवडणूक झाली नाही म्हणून पैसे आमचे थांबणार. वा.

मागणी एकच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. प्रत्येक गावासाठी एका पानाचा कागद काढा. डावीकडं बजेटमध्ये काय मंजूर होतं, मधे प्रत्यक्ष काय आलं, उजवीकडं काय थांबवलं, कुणाच्या आदेशानं आणि कुठल्या तारखेपर्यंत. एसटीची फेरी असो, अंडं असो, मास्तर असो, टाकी असो, सगळं त्यातच. बीडीएसमध्ये तुमच्याकडं रुपया-रुपयाची नोंद असते, त्यामुळं होत नाही म्हणू नका. तो कागद 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्याला लावायचा. फळा आहे, रंग पण नवा आहे, स्वच्छतेच्या स्पर्धेसाठी मारला होता.

असा कागद आला की तात्या चिडतील, शिव्या देतील, आमदारांना फोन लावतील. पण मुक्कामी गाडी येणारच नाहीये असं लिहून आलं तर गाव आपलं आपण बघेल. गावानं वर्गणी काढून पोरींसाठी जीप लावायचा विषय दोनदा ग्रामसभेत निघालाय आणि दोन्ही वेळेला 'येईल की गाडी, संप तर मिटला' म्हणून मागं पडलाय. आम्ही थांबून राहिलोय ते तुम्ही नाही म्हणत नाही म्हणून.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल न पोचेल, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज पण टाकतोय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 2021 पासून आमच्या गावाच्या नावानं काय मंजूर झालं, काय आलं आणि काय नाही, एवढंच विचारलंय. त्यात एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत बसवायचा नियम आहे, म्हणून बाकीचं सगळं इथं लिहिलं. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. पत्ता धनकवडीचा दिलाय, गावाला पोस्टमन आठवड्यातून दोनदाच जातो.

आपला,
डोंगरातला एक, सध्या धनकवडी, पुणे